सेल्फ फिरतो पण गाडी उचलत नाही, कोड पी ००८७ आलाय: पंप बदलायच्या आधी हे बघा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. अडीच लिटरचं कॉमन रेल इंजिन असलेली पिकअप, १ लाख ६० हजार किलोमीटर झालेली. महिन्यापूर्वी सर्व्हिसिंगला डिझेल फिल्टर बदलला. त्यानंतर दोन-तीन आठवडे सकाळी सुरू व्हायला त्रास, फिल्टरवरचा हातपंप वीस-पंचवीस वेळा दाबला की सुरू व्हायची आणि मग दिवसभर काही तक्रार नाही. आता चार दिवस झाले सेल्फ फिरतो पण इंजिन उचलतच नाही. स्कॅनरला पी ००८७ आलाय आणि गॅरेजवाले म्हणतायत हाय प्रेशर पंप गेला, तो बदला आणि हात लागतोय तर चारही इंजेक्टर पण करून घ्या.

एवढ्यात पंप उतरवू देऊ नका. तुमच्या गाडीचा पंप गेलाच नसेल असं मी इथे बसून म्हणत नाही, पण तुम्ही जी लक्षणं लिहिलीत ती पंपाची वाटत नाहीत, आणि पी ००८७ हा कोड "पंप खराब" असं सांगतच नाही. तो फक्त एवढंच सांगतो की रेलमध्ये (इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत) जेवढं प्रेशर ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, हवं होतं तेवढं मिळालं नाही. का मिळालं नाही ते आपण शोधायचं. डिझेल पंपापर्यंत पोचतच नसेल, पोचतंय पण पंप दाब बनवत नसेल, किंवा दाब बनतोय पण कुठूनतरी निसटून रिटर्नला, म्हणजे टाकीकडे परतणाऱ्या नळीत, जात असेल. तिन्हीचा कोड एकच येतो. पहिल्यात खर्च शे-पाचशेचा असतो आणि बाकी दोन्हींत हजारांमध्ये, म्हणून क्रम चुकवायचा नाही, टाकीकडून सुरुवात करायची आणि इंजेक्टरकडे यायचं.

आधी जुन्या आणि नव्या गाडीतला एक फरक सांगतो, कारण आपल्याकडचे अर्धे गोंधळ तिथूनच होतात. जुन्या मेकॅनिकल पंपाच्या गाडीत, ज्याला आपण सगळे अजून मायकोचा पंप म्हणतो (मायको हे बॉश कंपनीचं भारतातलं जुनं नाव), पंपाच्या प्रत्येक लाइनमधून दाब थेट नोझलला जायचा आणि नोझल स्प्रिंगच्या जोरावर आपोआप उघडायचं, कुणाला विचारायचं नाही. एअर धरली तर नट ढिले केले, सेल्फ मारला, फेस संपून डिझेल आलं की नट आवळले, गाडी सुरू. कॉमन रेलमध्ये तसं नाही. इथे पंप सगळं डिझेल एका जाड नळीत म्हणजे रेलमध्ये दाबतो, रेलवरचा सेन्सर ईसीयूला दाब सांगतो आणि तो ठरावीक आकड्याच्या वर गेल्याशिवाय ईसीयू इंजेक्टरला करंटच देत नाही. सेल्फ मारताना साधारण २०० बारच्या (बार म्हणजे दाबाचं माप) आसपास प्रेशर लागतं, गाडीगणिक थोडं इकडे-तिकडे, पण १५० च्या खाली बहुतेक गाड्या उचलत नाहीत. म्हणजे सगळं ठणठणीत असूनसुद्धा १२० बारवर अडकलं तर सायलेन्सरमधून धूरसुद्धा येत नाही. हे लक्षण बघून ठेवा, सेल्फ मारताना मागे पांढरा धूर येत असेल तर डिझेल आत जातंय पण पेटत नाहीये, तो विषय वेगळा. धूर अजिबात नसेल तर एकतर प्रेशर नाही किंवा इंजेक्टर उघडायचा हुकूम नाही.

आता स्कॅनर. कोड वाचून स्कॅनर बाजूला ठेवायचा नाही, त्याचं खरं काम लाइव्ह डेटाचं आहे. सेल्फ मारत असताना चार गोष्टी बघायच्या: इंजिनचा आरपीएम, रेल प्रेशर प्रत्यक्ष किती, ईसीयू मागतोय किती, आणि बॅटरीचा व्होल्ट. आरपीएम शून्य दाखवतोय आणि इंजिन फिरतंय तर इंजिनचा वेग मोजणारा क्रँक सेन्सर बघा, प्रेशरच्या मागे लागू नका. आरपीएम २०० च्या खाली आणि व्होल्ट ९.६ च्या खाली पडतोय तर आधी बॅटरी आणि अर्थिंग, कारण हळू फिरणारा पंप प्रेशर बनवूच शकत नाही, मग तो नवा का असेना. आणि इंजिन बंद असताना, रात्रभर उभ्या गाडीला नुसती चावी ऑन करून रेल प्रेशर वाचा. ते शून्याच्या जवळ पाहिजे. तिथेच ७०-८० बार दिसत असेल तर सेन्सर किंवा त्याची अर्थ खोटं बोलतेय. सेन्सरला ५ व्होल्ट पुरवठा असतो, शून्य दाबाला सिग्नल वायरवर साधारण अर्धा व्होल्ट, आणि सेल्फवर २०० बार बनलं की तो १ व्होल्टच्या आसपास पोचतो. मल्टिमीटर असलेला कुठलाही वायरमन हे दहा मिनिटांत बघून देईल.

तुमच्या बाबतीत मला आकड्यांपेक्षा तुमची हकीगत महत्त्वाची वाटते. रात्रभर उभी राहिली की त्रास, हातपंप दाबला की सुरू, मग दिवसभर मस्त. पंप किंवा इंजेक्टर झिजलेले असले तर बहुधा उलटं होतं, सकाळी थंड असताना सुरू होते आणि दुपारी धाब्यावर जेवायला थांबलात, गरम इंजिन बंद केलं, की परत उचलत नाही, कारण गरम डिझेल पातळ होतं आणि झिजलेल्या फटीतून जास्त निसटतं. तुमची सकाळची तक्रार म्हणजे रात्री लाइनीतलं डिझेल टाकीत परत उतरतंय आणि त्याची जागा हवा घेतेय. आणि हे सगळं सुरू कधी झालं तर फिल्टर बदलल्यावर. मला तरी बोट तिकडेच दाखवावंसं वाटतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, ती चांगल्या चांगल्या मेकॅनिकच्या डोक्यातून निसटते. तुमच्या गाडीला फिल्टरवर हातपंप आहे, म्हणजे बहुतेक टाकीत इलेक्ट्रिक पंप नसणार, हाय प्रेशर पंपाच्या पोटातलाच छोटा गिअर पंप टाकीतून डिझेल खेचतो. म्हणजे टाकीपासून पंपापर्यंतची सगळी लाइन खेचेवर असते, दाबावर नाही. अशा लाइनीत बारीक फट पडली तर डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत ओढली जाते. खाली पुठ्ठा टाकून ठेवला तर पुठ्ठा कोरडा. मग माणूस म्हणतो गळती कुठेच नाही आणि पंपावर येतो.

नारायणगावला टोमॅटोचा हंगाम जोरात असताना एक पिकअप माझ्याकडे टोचन करून आणली होती. दुसरीकडे पंप बदलून झालेला, बिल भरलेलं, आणि चार दिवसांनी परत तेच. ड्रायव्हरचा चेहरा मला अजून आठवतो, मागे क्रेट भरलेले आणि पावसाची भुरभुर सुरू. मी फिल्टर आणि पंपाच्या मध्ये हातभर पारदर्शक नळी जोडली, क्लॅम्प आवळले, हातपंप मारला आणि त्याला म्हटलं सेल्फ मार. नळीतून आधी स्वच्छ डिझेल गेलं, सोनेरी, आणि मग मागून बुडबुडे आले, बारीक बारीक, मोत्याच्या माळेसारखे एकामागे एक, थांबेचनात. मग तीच नळी फिल्टरच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावली. तिथे एक बुडबुडा नाही. म्हणजे हवा फिल्टरच्या हाउसिंगमध्येच शिरत होती. झाकण उघडलं तर खाचेत जुनी ओरिंग (हवा अडवणारी रबरी रिंग) तशीच चिकटलेली आणि तिच्यावर नवी बसवलेली. दोन रिंगांवर झाकण आवळलं गेलं होतं, हाताला घट्ट लागत होतं, पण एका बाजूला नवी रिंग चिमटून चिरली होती. जुनी काढली, खाच पुसली, नव्या रिंगला डिझेलचं बोट लावून बसवली, पंधरा मिनिटांत गाडी सुरू. त्या माणसाचे पंपाचे पैसे परत आले नाहीत. त्या दिवसापासून माझ्या गॅरेजमध्ये पारदर्शक नळी लावून बघितल्याशिवाय कुणाचा पंप उतरवायचा नाही हा नियमच केलाय.

तर तुम्ही पहिल्यांदा हेच करा. फिल्टरचं झाकण उघडून ओरिंग बघा, फिल्टरच्या खालचा पाणी काढायचा स्क्रू आणि त्याची रिंग बघा, पाण्याचा सेन्सर खालून फिरवून बसवलाय का ते बघा, लाइनीचे प्लॅस्टिकचे क्विक कपलर "टिक" आवाज येईपर्यंत बसलेत का, रबरी पाइप वाकवून बारीक भेगा दिसतात का. हातपंपावर हाताला काय लागतं तेही बरंच सांगून जातं. दहा-पंधरा दाबांत तो कडक झाला पाहिजे आणि कडक राहिला पाहिजे. कडक होतच नाही तर हवा येतेय किंवा आतली व्हॉल्व्ह गेलीय. कडक होतो पण थोड्या वेळात परत मऊ पडतो तर डिझेल मागे उतरतंय. आणि दाबल्यावर वर यायलाच वेळ लावतो, चिकटून राहतो, तर मागे टाकीच्या बाजूला तुंबलंय.

तुंबलेल्याचा पण हिशेब लावून टाकू. टाकीतल्या जाळीवर गाळ, दबलेला स्टीलचा पाइप, टाकीच्या झाकणाचं हवेचं भोक बंद, किंवा नवा फिल्टरच हलक्या दर्जाचा. झाकणाची तपासणी फुकटात होते, झाकण उघडून सेल्फ मारा, उघडताना जोरात हवा आत गेल्याचा आवाज आला तर समजायचं. बाकीच्यासाठी पंपाच्या तोंडाशी व्हॅक्यूम गेज लावतात, या खेचेवरच्या सिस्टिममध्ये ०.२-०.३ बारच्या पुढे खेच जाऊ लागली तर मागे अडथळा आहे. गेज नसेल तर माझी आवडती पद्धत: एक स्वच्छ पाच लिटरचा कॅन, त्यात गाळून घेतलेलं डिझेल, त्यातून पारदर्शक नळी थेट पंपाच्या इनलेटला आणि रिटर्न परत त्याच कॅनमध्ये. कॅन पंपापेक्षा थोडा उंच ठेवा. नळीतली हवा जाऊ द्या आणि सेल्फ मारा. गाडी उचलली तर पंप, रेल, इंजेक्टर सगळे एका फटक्यात निर्दोष सुटले आणि दोष कॅनच्या ऐवजी जे होतं त्यात, म्हणजे टाकी ते फिल्टर यात कुठेतरी. फक्त स्वच्छता फार पाळा, ही नळी फिल्टरच्या पुढे आहे, इथून गेलेला कचरा सरळ पंपात जातो.

फिल्टर काढलाच आहे तर त्यातलं डिझेल काचेच्या बरणीत ओता आणि अर्धा तास ठेवा. खाली पाणी बसलं तर दिसेल. पावसाळ्यात हे मी नेहमी बघतो. आणि बरणी उन्हात धरून हलवा, चंदेरी चमक फिरताना दिसली तर मात्र वाईट बातमी आहे, ती धातूची पूड आहे. तुमच्या गाडीत पंपाचं रिटर्न टाकीत जातं, म्हणून पंप आतून खरवडला की पूड टाकीपर्यंत पोचते आणि परत फिरते. अशा वेळी एकटा पंप बदलणं म्हणजे नव्या पंपाला तीच पूड खायला घालणं, टाकी, लाइनी, रेल, इंजेक्टर सगळं साफ करावं किंवा बदलावं लागतं.

आता समजा कॅनवरसुद्धा गाडी उचलली नाही, नळीत बुडबुडे नाहीत, डिझेल भरपूर पोचतंय, तर मग पुढे जायचं, आणि पुढेही आधी निसटतंय कुठे ते बघायचं, पंप सगळ्यात शेवटी. चारही इंजेक्टरच्या रिटर्नच्या बारीक नळ्या काढा, प्रत्येकाला वेगळी नळी आणि सारख्या मापाची बाटली. दहा सेकंद सेल्फ मारा. सेल्फवर चांगल्या इंजेक्टरच्या बाटलीत जवळपास काहीच येत नाही, नळी ओली होईल फार तर. एका बाटलीत धार लागली आणि बाकी तीन कोरड्या, तर तो एकटा इंजेक्टर अख्ख्या रेलचा दाब पिऊन टाकतोय. बाकी तीन चांगले असताना चारही बदलायचा आग्रह कुणी केला तर टेस्ट बेंचचा रिपोर्ट मागा. आपल्याकडे इंजेक्टरची अडचण अशी की पार्ट परका राहिलेला नाही, नाशिकला सातपूरच्या बॉशच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनतात, पण बाजारात डुप्लिकेट आणि नुसते धुऊन पॅक केलेले पण तेवढेच फिरतात. नवा टाकलात तर त्याच्या डोक्यावरचा कोड स्कॅनरने ईसीयूत भरून घ्या, ते राहिलं तर गाडी धडधडते आणि परत इंजेक्टरलाच शिव्या बसतात.

रेलच्या टोकाला दाब मर्यादेत ठेवणारी व्हॉल्व्ह असते, तिचं रिटर्न सुद्धा काढून बघा, सेल्फवर तिथून काही यायला नको. आलं तर व्हॉल्व्हच गळतेय.

मग येतो पंपावरचा मीटरिंग युनिट, बरेच जण त्याला नुसतं "पंपाचं सेन्सर" म्हणतात पण तो सेन्सर नाही, पंपात किती डिझेल सोडायचं ते ठरवणारी व्हॉल्व्ह आहे. बॉशच्या बऱ्याच पंपांवर त्याचा रेझिस्टन्स ३ ओमच्या आसपास मिळतो आणि त्याच्या वायरचा कपलर काढला की तो पूर्ण उघडा राहतो. म्हणून कपलर काढून सेल्फ मारला आणि स्कॅनरवर प्रेशर एकदम चढलं तर पंप दाब बनवू शकतोय, दोष या युनिटमध्ये किंवा त्याच्या वायरिंगमध्ये. पण ही युक्ती सगळीकडे लावू नका. डेन्सोच्या काही पंपांवर उलटं असतं, करंट नसेल तर बंद. आणि काही गाड्यांत रेलवरच दाब सोडणारी दुसरी व्हॉल्व्ह असते, तिचा कपलर काढला की दाब निघूनच जातो. आपल्या गाडीत कोणतं आहे ते आधी बघायचं.

एवढं सगळं ठीक निघालं तरच पंप. त्याची पण परीक्षा गाडीवर होते, इंजेक्टरच्या चारही लाइनींना रेलजवळ खास हाय प्रेशरच्या डमी कॅप लावून सेल्फ मारायचा, प्रेशर झटकन चढलं तर पंप चांगला, नाही चढलं तर तेव्हा पंप उतरवा. हे मात्र डिझेल लॅबवाल्याकडूनच करून घ्या, घरी नको.

आणि हे मी हात जोडून सांगतो. जुन्या सवयीने कॉमन रेलच्या नळीचा नट इंजिन चालू असताना ढिला करू नका. त्या नळीत चालू इंजिनला ३०० पासून १६०० बार आणि काही गाड्यांत त्याच्याही वर दाब असतो. तिथून निघालेली केसासारखी धार डोळ्याला दिसत नाही आणि कातडीच्या आत घुसते. वरून नुसता टाचणीचा ठिपका दिसतो, दुखतही नाही फारसं, आणि आत डिझेल पसरून काही तासांत बोट जाण्याची वेळ येते. असं झालं तर हळद-मलम लावत बसायचं नाही, थेट मोठ्या दवाखान्यात जाऊन डिझेल आत घुसलंय असं स्पष्ट सांगायचं. इंजिन बंद केल्यावर सुद्धा किमान पाच मिनिटं जाऊ द्या, मगच त्या लाइनींना पाना लावा. आणि एअर फिल्टरमध्ये पेट्रोल किंवा स्टार्टिंग स्प्रे मारून गाडी उचलायचा प्रयत्न तर करूच नका. सिलिंडर तापवणारे ग्लो प्लग गरम असतात, स्प्रे नको त्या वेळी पेटतो आणि पिस्टन फुटलेले मी स्वतः उघडून बघितलेत.

अजून एक, गेले चार दिवस तुम्ही सेल्फ मारत असाल. हाय प्रेशर पंपाला वेगळं ऑइल नसतं, तुमच्या पंपाला वंगण त्या डिझेलचंच. हवेवर पंप फिरवला तर चांगला पंपही खरवडून निघतो, आणि मग गॅरेजवाल्यांचं म्हणणं खरं ठरेल. त्यामुळे लाइनीत डिझेल दिसल्याशिवाय आता सेल्फ मारू नका. फिल्टरची ओरिंग नीट करून झाली की हातपंप पूर्ण कडक होईपर्यंत मारा, मग दहा सेकंद सेल्फ, एक मिनिट थांबा, परत हातपंप, परत दहा सेकंद. तीन-चार वेळा एवढं करून उचलली नाही तर थांबा.

आणि मला लिहून पाठवा: सेल्फवर रेल प्रेशर किती चढतंय, आरपीएम आणि व्होल्ट किती, पारदर्शक नळीत फिल्टरच्या अलीकडे आणि पलीकडे बुडबुडे आहेत का, आणि फिल्टरच्या झाकणाखाली रिंग एक निघाली की दोन.